दुखवट्याच्या घराला येळवशीचं आवतण

दिवाळी आटोपली की घाटनांदूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं कमी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, लहानगी पोरं असा सगळा संसार ट्रॅक्टरमध्ये रचून ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी अशी लाखो माणसं बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, शाळेत जाणारी काही पोरं आणि दावणीचं एखादं जनावर. बालाघाटाच्या पठारावर डिसेंबरची थंडी चांगलीच झोंबते. सात वाजता दारं लागतात. गल्लीत दहा घरं असतील, तर पाचांना कुलूप असतं.

अशा गल्लीत ज्या घरातलं माणूस याच वर्षी गेलं आहे, त्या घराचा हिवाळा फार लांबतो.

या दिवसांत सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘थंडी पडल्यापासून जीव कशात लागत नाही.’ झोप पहाटे तीनला मोडते, भाकरी गोड लागत नाही, अंग ठणकतं, छातीत धडधडतं. सोबत आलेला मुलगा किंवा पुतण्या म्हणतो, ‘थंडीनंच झालंय, दुसरं काही नाही.’ थंडीने मन खचतं का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने गांभीर्याने तपासलेला आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात ओसरणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. नॉर्वेच्या उत्तर टोकाला कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. उजेड कमी झाला की शरीराचं आतलं घड्याळ बिघडतं आणि काही माणसांना त्याचा मोठा त्रास होतो. तिथे सकाळी प्रखर दिव्यासमोर बसणं हा मान्य उपचार आहे.

घाटनांदूरचं तसं नाही. इथे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही जवळपास अकरा तास दिवस असतो, आणि डिसेंबरचं आकाश बहुधा लख्ख असतं. म्हणजे इथला काळोख आकाशातला नव्हे. थंडी निमित्त होते. हवामान थंड असलं की रक्तदाब थोडा वाढतो, सांधे जास्त दुखतात, रात्र लांब वाटते, एवढं खरं. पण जीव लागत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा घरात घडलेल्या बदलात असतं. निदान करताना हा फरक महत्त्वाचा आहे, कारण थंडीवर इलाज नसतो आणि बदलानंतरच्या दुखण्यावर असतो.

असे बदल अनेक प्रकारचे. लेक सासरी गेली, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत लागला, गुरुजी निवृत्त झाले आणि सकाळी दहाला कुठे जायचं हेच सुचेना, सोयाबीन पावसात भिजून गेलं आणि कर्ज तसंच राहिलं. ऊसतोड बायकांच्या बाबतीत आणखी एक बदल आहे, ज्याच्याकडे कोणी बदल म्हणून पाहत नाही. बीडमधल्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात ज्यांचे अंडाशयही काढले गेले, त्या बायकांना तिशी-पस्तिशीत एकाएकी रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा, झोपेचा खेळखंडोबा, चिडचिड, रडू. त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना याचं कारण कोणी सांगितलेलं नसतं. तिला सगळे ‘चिडकी झाली’ म्हणून मोकळे होतात.

तरीही सर्वांत मोठा बदल मृत्यूचाच. म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दल.

मरण आल्यावर आपल्या गावांत पहिले तेरा दिवस जे होतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकात घालाव्यात इतक्या चांगल्या आहेत. चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी आणतात. बायका शेजारी बसून राहतात. रडायला मोकळीक असते. गेलेल्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा बोललं जातं. रात्री कोणी एकटं झोपत नाही. दुःखात माणसाला लागतं ते जवळजवळ सगळं यात आहे. अडचण तेराव्यानंतर सुरू होते. सगळे एकदम निघून जातात, आणि पुढे वर्षभर त्या घराला सणावारातून वगळलं जातं. गोडधोड नाही, हळदी-कुंकू नाही, लग्नाचं आवतण आलं तरी ‘तुम्ही काही येणार नाही म्हणा’ अशा सुरात. नवरा गेला असेल, तर त्या बाईवर घराबाहेर पडण्याचीच बंधनं येतात. यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. दुःखाचा मान राखावा, एवढाच विचार असतो. पण दुःखाचा चढ अनेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो, जेव्हा बधिरपणा ओसरतो आणि माणूस खरोखरच परत येणार नाही हे अंगात मुरतं. आधाराचा पुरवठा तेराव्या दिवशी संपतो आणि गरज त्यानंतर वाढते.

याचा परिणाम नुसता मनावर होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ विधुरांचा पाठपुरावा करून १९६९ मध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांमधलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे इतर देशांतही असंच चित्र दिसत आलं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ‘ताकोत्सुबो’ या हृदयाच्या आजाराचं वर्णन केलं. मोठा मानसिक धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा काही काळ फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीला दुखणं हुबेहूब हार्ट अटॅकसारखं असतं. ‘दुःखाने छाती फुटली’ हे आपल्याकडचं बोलणं अगदीच अतिशयोक्ती नाही. दुखवट्याच्या घरातला म्हातारा ‘छातीत कसंतरी होतंय’ म्हणाला, तर ‘आठवण येत असेल’ म्हणून सोडून देऊ नये. ईसीजी काढावा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, ते विचारावं. बायको गेल्यावर पुरुषाच्या गोळ्या बंद पडतात, कारण त्या हातावर ठेवणारी तीच असते.

दुःख म्हणजे आजार नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवं. रडणं, झोप कमी होणं, गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखं वाटणं, हे सगळं पहिल्या काही महिन्यांत स्वाभाविक आहे. त्यासाठी गोळी नको. दुःखाला भरती-ओहोटी असते. आठवणीने हुंदका येतो, मग नातवाच्या एखाद्या खोडीवर हसूही येतं. नैराश्याच्या आजारात ही ओहोटी येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसभर मन सुन्न असतं. कशातच रस वाटत नाही. ‘माझ्यामुळेच झालं’, ‘मी सगळ्यांना ओझं आहे’ हे विचार सुटत नाहीत. अंघोळ, वेणी-फणी, जेवण सुटतं. तेव्हा डॉक्टरांकडे जायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ ही वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटूनही, त्या समाजाच्या रीतीला धरून नसेल इतका तीव्र शोक चालू असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार मानला जातो. प्रौढांमधल्या अभ्यासांनुसार साधारण दहापैकी एका शोकग्रस्त माणसाला हे होतं. मृत्यू आकस्मिक असेल, अपघात किंवा आत्महत्या असेल, तर शक्यता वाढते.

आपल्याकडची माणसं हे मनाच्या भाषेत सांगत नाहीत, शरीराच्या भाषेत सांगतात. डोकं बधिर, हातापायाला मुंग्या, पोटात गोळा, अंगात कणकण. त्यामुळे त्यांना सलाईन मिळतं, ताकदीचं इंजेक्शन मिळतं, आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. अर्थात उलटी चूकही होऊ नये. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह यांतूनही असाच थकवा येतो. एकदा रक्त तपासून घ्यावं आणि मग मनाकडे वळावं.

आता सल्ल्याविषयी. दुखवट्याच्या घरात येणारा प्रत्येक जण सल्ला देतो, आणि तो बहुतेक एकच असतो. मन घट्ट करा. पोरांकडे बघा. देवावर भरवसा ठेवा. उमेद सोडू नका. या सगळ्याचा मथितार्थ असा की, आधी मनात उमेद आणा, मग तुम्ही उठाल, कामाला लागाल. बिचारा माणूस आत शोधतो, उमेद काही सापडत नाही, आणि मग त्याला आपणच कमी पडतोय असं वाटू लागतं. गेल्या काही दशकांतलं मानसोपचाराचं संशोधन नेमकं उलटा क्रम सांगतं. आधी लहानशी हालचाल, ठरलेल्या वेळी, शक्यतो कोणाच्या सोबतीने. मन मागून येतं. उमेद ही बरं होण्याची अट नाही. बरं होऊ लागल्याची ती खूण आहे, आणि ती उशिरा दिसते.

याचा एक पक्का पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ भेटी. भेटी देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. भेटीत मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. दिवस कसा जातो, पूर्वी कशात बरं वाटायचं, त्यातलं उद्या काय करता येईल, कोणाला भेटता येईल, अडलेल्या एखाद्या प्रश्नावर पहिलं पाऊल कोणतं, एवढंच. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. लक्षात घ्यायचं ते असं की, या माणसांना पहिल्या भेटीत ‘आशावादी व्हा’ असं कोणी सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी अंगणात बसून चहा घ्या, हे सांगितलं तरी चालतं.

घाटनांदूरच्या शेतकऱ्याला हे समजावायला फार शब्द लागू नयेत. रब्बीची ज्वारी वाढते तेव्हा पाऊस संपलेला असतो. काळ्या रानाने पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर, आणि थोड्या दवावर, मालदांडी उभी राहते. कोळपणी केली की भेगा बुजतात आणि ती ओल उडून जात नाही. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते याचसाठी. कोळपं पाणी आणत नाही, असलेलं राखतं. दुखवट्याच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन अर्धा तास बसणाऱ्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नसते. त्याने दुःख घालवायचं नसतं.

काम आणि सोबत यांनी माणसं कशी सावरतात, याचं मराठवाड्यातलं मोठं उदाहरण म्हणजे किल्लारी. घाटनांदूरच्या दक्षिणेला, लातूर जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढचा हिवाळा वाचलेल्यांनी पत्र्याच्या निवाऱ्यांत काढला. ज्यांचं सगळं कुटुंब गेलं, त्यांना कोणत्या शब्दांनी धीर देणार होतं कोणी? नंतर घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने महिला मंडळांमधल्या बायकांना गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. त्यातूनच पुढे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. घराची योजना काय, पैसे कधी मिळणार, पट्टी कुठे बसवायची, हे या बायका इंजिनिअरकडून समजून घ्यायच्या आणि दारोदार सांगायच्या. तो काही मानसोपचाराचा कार्यक्रम नव्हता, आणि त्याने कोणाचं गेलेलं माणूस परत आलं नाही. पण जी बाई एरवी पदर डोक्यावरून ओढून कोपऱ्यात बसली असती, तिला सकाळी बाहेर पडायला कारण मिळालं, आणि गावाला तिच्या शब्दाची गरज पडली. दुःखातल्या माणसाला गरज असते तशीच आपली कोणाला तरी गरज असण्याचीही असते. मदत करणारे हे बहुधा विसरतात आणि त्याच्या हातून सगळी कामं काढून घेतात.

आता येळवशीविषयी. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळा अमावास्या. लातूर, धाराशिव आणि बीडच्या या अंबाजोगाईकडच्या पट्ट्यात तिला येळवस म्हणतात. अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप करतात, पूजा मांडतात, भज्जी, आंबिल, उंडे, खीर असा स्वयंपाक घरून डोक्यावर घेऊन जातात. ज्याला शेत नाही त्यालाही कोणीतरी आपल्या रानात बोलावतंच. परक्यालाही आग्रहाने वाढायचं, ही या सणाची रीत. महाराष्ट्रातल्या सणांमध्ये मानसिक आरोग्याच्या दृष्टीने याहून चांगला सण सापडणं कठीण. भर हिवाळ्यात दिवसभर ऊन, चालणं, हिरवं रान आणि पंगत. एकट्या माणसाला शोधून आणण्याची सोय रीतीतच आहे. आणि नेमकं ज्या घरात वर्ष सरलेलं नाही, त्या घरचं माणूस त्या दिवशी रिकाम्या गल्लीत एकटं बसलेलं असतं.

ही रीत बदलावी. दुखवटा मोडा, असं इथे म्हणायचं नाही. ज्यांना गोड खायचं नसेल त्यांनी खाऊ नये, पूजेला बसायचं नसेल तर बसू नये. पण आवतण गेलं पाहिजे, आणि ते तोंडदेखलं नको. ‘सकाळी नऊला निघू, तुमची आंबिल आमच्याच केळीत’ असं वेळेसकट हवं. बाईला नुसतं बोलावू नका, काम सांगा. ‘भज्जी तुमच्या हातची हवी’ म्हणा. नाही आली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. विधवा बाईला बोलावलं तर लोक काय म्हणतील, ही भीती असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं उदाहरण समोर आहे. मे २०२२ मध्ये या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठरावाने सगळं बदलत नाही. पण ज्या बाईला रानात यायचं आहे, तिच्या बाजूला गाव उभं आहे एवढं त्यातून कळतं.

सोबतीचं आणखी एक रूप कमी गोड, पण तितकंच महत्त्वाचं आहे. कर्ता माणूस गेला की त्या घरावर कागदांचा डोंगर कोसळतो. मृत्यूचा दाखला, वारसनोंद, बँक, सोसायटी, विमा. शेतकऱ्याची आत्महत्या असेल तर चौकशी आणि पात्र-अपात्रचा निकाल, त्यावर एक लाख रुपयांची मदत अवलंबून. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये एकरकमी मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचं मानधन वेगळं. जिने कधी तहसीलची पायरी चढली नाही, अशा बाईने झोप उडालेल्या अवस्थेत हे सगळं करायचं असतं. एकेका सहीसाठी अंबाजोगाईच्या चार फेऱ्या होतात. अशा वेळी कागदपत्रांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर एसटीत बसणारा पुतण्या हा कोणत्याही समुपदेशकाइतकाच उपयोगी असतो. नैराश्यात निर्णयशक्ती आणि स्मरण दोन्ही मंदावतात, त्यामुळे ही मदत म्हणजे उपकार नव्हे, उपचाराचाच भाग.

जिथे आजार आहे तिथे मात्र सोबत पुरत नाही, आणि हे तितक्याच ठामपणे सांगायला हवं. नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल गावात दोन समजुती घट्ट आहेत. त्या वेड्यांच्या गोळ्या आहेत, आणि त्यांची सवय लागते. दोन्ही चूक. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, ज्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मागून घेतल्या जातात. दारूचंही तसंच. बायको गेलेल्या किंवा पीक बुडालेल्या पुरुषाला मित्र प्रेमाने पाजतात. पहिल्या रात्री झोप लागते, महिन्याभरात झोप आणि मन दोन्ही जास्त बिघडतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांची पाहणी झाली (महाराष्ट्र त्यात नव्हता). नैराश्याच्या दर दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक जण उपचारांबाहेर असल्याचं त्यात दिसलं. घाटनांदूरच्या परिसरात तरी अंतराचं कारण फारसं टिकत नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. लोक त्या इमारतीत शुगर तपासायला, बाळंतपणाला, हाड मोडलं म्हणून जातातच. अडतं ते त्या एका दारापाशी.

आत्महत्येचा विषय टाळून हा लेख पुरा होऊ शकत नाही, निदान बीड जिल्ह्यात तरी. ‘जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती असते. संशोधन तसं सांगत नाही. विचारलं की बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. दुसरी गोष्ट घरातल्या फवारणीच्या औषधाची. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळच टिकते. तो वेळ निभावला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं. तिथे अति-विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. शेती बुडाली नाही. आपल्याकडे धोरण होईल तेव्हा होईल. तोवर फवारणीचं औषध घरात न ठेवता कुलपात, रानातल्या खोलीत किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवणं कोणालाही जमण्यासारखं आहे, आणि दुखवट्याच्या किंवा कर्जाने खचलेल्या घरात ते आजच करावं.

पोलीस केसच्या भीतीने लोक अजूनही ‘चुकून प्यायलं’ असं सांगतात आणि उपचाराला उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सरकारने करण्यासारखं एक काम फार खर्चाचं नाही. गावातल्या मृत्यूची माहिती आशाताईंकडून आरोग्य केंद्राला जातेच. बाळंतिणीच्या घरी त्यांच्या ठरलेल्या तारखांना भेटी होतात, त्या मोजल्या जातात, त्यांचे पैसे मिळतात. मृत्यू झालेल्या घरी तशाच तीन भेटी ठरवता येतील. एक चाळीस दिवसांनी, एक तिसऱ्या महिन्यात, एक सहाव्या महिन्यात. झोप, जेवण, चालू गोळ्या, दारू आणि जगावंसं वाटतं का, एवढे पाच प्रश्न. जिथे उत्तरं काळजीची, तिथे डॉक्टर. मात्र हे आणखी एक काम आशाताईंच्या अंगावर फुकटात टाकून चालणार नाही. भेटीमागे मोबदला हवा आणि गोव्याच्या धर्तीवर थोडं प्रशिक्षण हवं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे राहिलेल्या एकट्या म्हाताऱ्यांची नावंही याच यादीत घालावीत, कारण त्यांच्या घरात मृत्यू झालेला नसला तरी नोव्हेंबर ते एप्रिल त्यांची अवस्था फार वेगळी नसते.

हे सरकारी पातळीवर होईपर्यंत गावाला थांबण्याचं कारण नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत मागच्या येळवशीपासूनची पानं उघडली की कोणाकोणाच्या दारी जायचं ते कळतं. आठ-दहा बायका आणि चार-दोन माणसं वाटून निघाली, तर घाटनांदूरची ही सगळी घरं अमावास्येच्या आधी दोन-तीन दुपारींत पायी फिरून होतील.